२०१० ते २०१९ची कुठली मराठी गाणी टिकतील? मामांच्या वहीवरून समजून घेऊ

गेल्या पावसाळ्यात मामांची वही फाटली. मामांचा बँड आहे, सांगली जिल्ह्यात वाळव्याकडं, क्लॅरिनेट ते स्वतः वाजवतात, बाकी ट्रंपेट, ढोल, ताशा, आता एक कीबोर्डवाला पोरगा पण आहे, आणि त्या वहीत तीसेक वर्षांची गाणी आहेत. म्हणजे वर गाण्याचं नाव, खाली मुखड्याचं आणि अंतऱ्याचं सारेगम, बाजूला पट्टी. बरीच पानं गुलालानं गुलाबी झालीत आणि कोपरे हळदीच्या बोटांनी पिवळे. पानं सुटायला लागली तसे मामा म्हणाले, "नवीन वहीत उतरवून दे गं, तुझं अक्षर बरंय." मी बसले लिहायला. २०१०च्या पुढच्या गाण्यांपाशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. त्या दहा वर्षांची, २०१० ते २०१९ची, चाळीसच्या वर गाणी होती. मामा एकेका पानावर बोट ठेवून सांगत गेले, हे घे, हे नको, हे नको, हे पण नको. शेवटी नऊ राहिली.

मी म्हटलं, मामा अहो यातली कितीतरी गाणी केवढी गाजली होती, लोक वेडी झाली होती. तर म्हणाले, "गाजली की. पण आता कोण मागत न्हाई."

ते ऐकल्यापासून हा विषय डोक्यातून जाईना. गाणं टिकतं म्हणजे नक्की काय होतं, आणि कुठलं टिकेल याचा अंदाज आधीच बांधता येतो का, यावर जगात बरंच संशोधन झालंय आणि ते आपल्या गाण्यांना लावून बघितलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात, तर जेवढं मला समजलंय तेवढं सोपं करून सांगते.

आधी हिट होण्याचं बघू, कारण आपण सगळे तिथंच फसतो. २००६ साली सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांचा एक प्रयोग सायन्स या जर्नलमध्ये छापून आला. त्यांनी एक वेबसाइट काढली, त्यावर कुणाला माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी ठेवली आणि १४ हजारांहून जास्त लोकांना ऐकायला दिली, आवडलं तर डाउनलोड करा म्हणून. काही लोकांना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांना त्यांच्या आधी येऊन गेलेल्यांनी कुठलं गाणं कितीदा घेतलं तो आकडा पण दिसायचा, आणि या लोकांचे आठ वेगवेगळे गट केलेले, एका गटाचे आकडे दुसऱ्याला दिसत नाहीत. म्हणजे समजा आठ गावं आहेत, गाणी सगळीकडं तीच आहेत पण या गावाचं त्या गावाला काही कळत नाही. तर झालं असं की गावागणिक वेगवेगळी गाणी वर गेली! अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं, सुरुवातीच्या चार लोकांनी काय उचललं त्यावर पुढचं ठरत गेलं.

हे वाचलं आणि मला आमच्या स्टँडजवळचं मोबाईलचं दुकान आठवलं. २०११-१२ची गोष्ट, तेव्हा फोनमध्ये नेट परवडायचं नाही, मेमरी कार्ड घेऊन जायचं आणि वीस रुपयांत कार्ड भरून आणायचं. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर फोल्डर असायचे, 'मराठी नवीन', 'लग्न', 'गणपती', असे, आणि तो पूर्ण फोल्डरच कॉपी मारायचा, एकेक गाणं निवडत बसायला वेळ कुणाला होता. मग आख्ख्या गावाच्या फोनमध्ये तीच साठ-सत्तर गाणी, त्याच क्रमानं. तेव्हा वाटायचं ही गाणी सगळ्यांना आवडतात. खरं तर ती सगळ्यांकडं होती. आज यूट्यूबचे व्ह्यूज हेच सांगतात, की गाणं किती जणांपर्यंत पोचलं, एकामागून एक आपोआप किती लागलं. ते खोटं नाही, पण ते आजचं मोजमाप आहे, तीस वर्षांनंतरचं त्यातून कळत नाही.

आता विसरण्याकडं येऊ. लोक एखादी गोष्ट विसरतात ती सरळ एका उतारावरून घसरल्यासारखी विसरत नाहीत. कँडिया, हिदाल्गो, बाराबाशी वगैरे मंडळींनी २०१८ला एक अभ्यास केला, त्यात गाणी, सिनेमे, संशोधनाचे पेपर, पेटंट, प्रसिद्ध माणसं, सगळ्यांकडं लोकांचं लक्ष कसं कमी होत जातं ते मोजलं. त्यांना दोन टप्पे दिसले. पहिल्या टप्प्यात आपण त्या गोष्टीबद्दल एकमेकांशी बोलत असतो, चहाच्या टपरीवर, लग्नात, स्टेटसला, आणि हे बोलणं आटत जातं तशी घसरण एकदम जोरात होते. दुसऱ्या टप्प्यात जे काही उरतं ते कुठं तरी साठवलेलं असतं म्हणून उरतं, पुस्तकात, रेकॉर्डिंगमध्ये, रीतीरिवाजात, आणि तिथून पुढं उतार फार हळू असतो. पहिला टप्पा प्रसिद्ध माणसांच्या बाबतीत २० ते ३० वर्षं चालतो आणि गाण्यांच्या बाबतीत सगळ्यात कमी, साधारण साडेपाच वर्षं.

साडेपाच वर्षं! म्हणजे २०१०चा नटरंग, २०१३ची दुनियादारी, २०१४चा टाइमपास, २०१६चा सैराट, या सगळ्यांची गाणी ती जोराची घसरण पार करून पुढं आलीत किंवा त्यातच संपलीत. आपण आता नेमके अशा जागी उभे आहोत की धुरळा खाली बसलाय आणि काय उभं आहे ते दिसायला लागलंय, म्हणून त्या दशकाबद्दल बोलायची ही वेळ चांगली आहे. आत्ताच्या गाण्यांबद्दल कुणी छातीठोक सांगत असेल तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पण इथं एक गफलत होते. माझ्या वयाची कुणी म्हणेल की टिक टिक वाजते डोक्यात मी आयुष्यभर विसरणार नाही. खरंय, नाहीच विसरणार. साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी माणसाच्या मनात सगळ्यात घट्ट बसतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलंय. मला दुनियादारीचं पहिलं गाणं ऐकलं की कॉलेजची एसटी आठवते, खिडकीला डोकं लावून एकच इअरफोन मी आणि मैत्रीण दोघींत वाटून घेतलेला, तिचं ते कानात गेलेलं अर्धं गाणं अजून मला माझ्या अर्ध्यापेक्षा जास्त आठवतं. पण हे गाणं टिकणं नव्हे, हे मी टिकणं आहे. माझ्या पिढीबरोबर ते जाईल. गाणं खरं टिकलं कधी म्हणायचं, तर ते आलं तेव्हा जन्मलाही नव्हता असा पोरगा ते म्हणायला लागला की.

आणि हे होतं बरं का. कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ला अमेरिकेतल्या विशीतल्या मुलांना जुनी-नवी हिट गाणी ऐकवून बघितली. मुलांना त्यांच्या स्वतःच्या काळातली गाणी जवळची वाटली त्यात नवल नाही, पण त्यांचे आईवडील तरुण होते त्या काळातली गाणी पण मधल्या वर्षांतल्या गाण्यांपेक्षा जास्त जवळची वाटली, आणि त्याच्या मागं १९६०च्या दशकापाशी आणखी एक उंचवटा निघाला, बहुतेक आजीआजोबांकडून आलेला. कारण घरात, गाडीत आईबाप आपलीच गाणी लावणार आणि पोरांच्या कानावर तीच पडणार. आमच्या घरी आजी सांगली आकाशवाणी लावून भाकरी थापायची म्हणून मला कितीतरी गाणी तोंडपाठ आहेत जी माझ्या जन्माच्या आधीची आहेत, मी ती कधी शिकले नाही.

तर प्रश्न असा होतो की कुठलं गाणं आईकडून पोरीकडं जाईल. फोनवर प्रत्येकाच्या कानात वेगळं इअरफोन असण्याच्या काळात घरातल्या घरात हे होणं अवघड झालंय. म्हणून मला वाटतं इथून पुढं जी गाणी टिकतील ती चारचौघांत वाजणारीच असतील, ज्यांना वर्षातला एखादा दिवस किंवा आयुष्यातला एखादा प्रसंग हक्कानं मिळालाय अशी. इथंच मामांची वही कामाची आहे, कारण बँड प्रसंगाशिवाय वाजतच नाही.

माऊली माऊली घ्या. लय भारी जुलै २०१४ला आला, वारीच्याच दिवसांत. पिक्चरची स्टोरी आता कितीजणांना सांगता येईल मला माहीत नाही, पण आषाढी आली की ते गाणं येतंच, शाळेच्या दिंडीत पोरं डोक्यावर छोटी तुळस घेऊन त्याच्यावर चालतात, वारीचे व्हिडिओ त्याच्यावर लावतात. त्याला अभंगांच्या शेजारी जागा मिळाली, आणि आपल्याकडं ज्याला वारीत जागा मिळते त्याला पुन्हा जाहिरातीची गरज लागत नाही. तसंच देवा श्री गणेशाचं. ते २०१२च्या अग्निपथचं, शब्द हिंदी, पण अजय गोगावल्यांचा तो वरचा आवाज आणि अजय-अतुलची ती ढोलाची धमक यामुळं गणपतीच्या आगमनाला ते मराठीच वाटतं. कट्यार काळजात घुसलीमधलं सूर निरागस हो, २०१५चं, त्यानं वेगळी जागा धरली, गाण्याच्या क्लासची, गॅदरिंगच्या सुरुवातीची, जिथं आधी ठराविक ईशस्तवनं असायची तिथं ते जाऊन बसलं.

नटरंग १ जानेवारी २०१०ला आला आणि मामांच्या नऊपैकी तीन गाणी एकट्या त्या पिक्चरची आहेत. अप्सरा आली आणि वाजले की बारा या दोन लावण्यांनी शाळेच्या स्टेजवर लावणी आणली असं मी म्हणीन, कारण माझ्या आईच्या वेळी चांगल्या घरातल्या मुलीनं शाळेत लावणी करायची म्हटलं तर घरून परवानगी मिळाली नसती, आणि माझ्या बहिणीच्या गॅदरिंगला प्रत्येक वर्गाची एकेक अप्सरा होती, बाईंना चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. गुरू ठाकूर यांचे शब्द, बेला शेंडे यांचा आवाज, आणि लावणीचा ठसका आहे पण घरच्यांसमोर म्हणायला संकोच नाही, हे जमवणं सोपं नसतं. तिसरं खेळ मांडला. त्याला कुठला सण नाही. ते माणूस एकटा पडल्यावर म्हणायचं गाणं आहे, आणि तरी प्रत्येक गावात एक तरी पोरगा असतो जो ते सुराला धरून म्हणून दाखवतो आणि बाकीचे गप्प बसतात. गळ्याची परीक्षा घेणारं गाणं पण टिकतं, कारण नवीन गळे त्याच्याकडं येत राहतात.

आता झिंगाट, इथं जरा थांबते. सैराट २९ एप्रिल २०१६ला लागला आणि पंधरा दिवसांत मामांच्या प्रत्येक सुपारीत त्याची फर्माईश. ओसरीवर प्रॅक्टिस बसली तेव्हा मी तिथं होते. मामांनी फोनवर गाणं तीनदा ऐकलं, डोळे मिटून, मग क्लॅरिनेटवर मुखडा काढला आणि म्हणाले, "यात सुरं कमी हाईत, ठेका जास्त हाय." खरंच, मुखड्याची चाल थोड्याच सुरांत फिरते, जवळजवळ बोलल्यासारखी, आणि शेवटी तर नुसतं झिंगझिंग म्हणायचं, ज्याला गाता येत नाही त्यानं पण. ट्रंपेटवाल्याला पाच मिनिटांत बसलं. ताशावाल्याला कुणी काही सांगितलंच नाही, त्यानं ऐकता ऐकता धरलं. त्या वेळी लक्षात आलं की मूळ रेकॉर्डिंगमधला तो सगळा आवाज काढून टाकला आणि एक क्लॅरिनेट, एक ताशा एवढंच ठेवलं तरी झिंगाट झिंगाटच राहतं. दोन वर्षांनी हिंदीत धडक आला तेव्हा त्यात पण तीच चाल शब्द बदलून गेली. आमच्याकडं ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला त्याच चालीवर चिन्हाचा प्रचार झाला, नवरात्रात बायकांच्या मंडळानं देवीचं गाणं बसवलं. चालीवर दुसरे शब्द बसवायची आपली फार जुनी सवय आहे, भजनी मंडळं करतात, भीमगीतं म्हणणारे करतात, आणि ज्या चालीवर लोक आपले शब्द घालायला लागतात ती चाल मूळ पिक्चर विसरल्यावर पण हिंडत राहते.

त्याच पिक्चरमधलं याड लागलं मला झिंगाटपेक्षा कितीतरी जास्त प्रिय आहे. सैराट झालं जी पण. सैराटचं सिंफनीचं रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला झालं होतं, सोनी स्कोअरिंग स्टेजवर, आणि याड लागलंच्या सुरुवातीला ती व्हायोलिनं उठतात तेव्हा अजून अंगावर काटा येतो. पण मामांनी ते पान नको म्हटलं आणि मला वाईट वाटलं तरी कारण पटलं. क्लॅरिनेटवर वाजवलं की त्यातलं अर्धं गाणं नसतंच, ते त्या व्हायोलिनांमध्ये राहिलेलं असतं. असं गाणं रेकॉर्डिंगला बांधलेलं असतं. ते मरणार नाही, मोठ्या कार्यक्रमांत वाजेल, ज्यांना संगीताचं वेड आहे ते शोधून ऐकतील, पण हळदीच्या मांडवात कुणी ते आपणहून धरणार नाही. मुंबई-पुणे-मुंबईचं का कळेना, टाइमपासचं मला वेड लागले, दगडी चाळचं मन धागा धागा, यांची पण मला हीच काळजी आहे. प्रेमाची गाणी आहेत आणि प्रेमाला प्रत्येक पिढी आपलं नवीन गाणं शोधते. एखादं राहील त्यातलं, कुठलं ते सांगायची माझी हिंमत नाही.

उलट जी गाणी एकदम पेटली त्यांचं काय झालं बघा. २०१५ला शांताबाई नव्हतं असं एकही लग्न नव्हतं. २०१७च्या पावसात सोनू तुला माझ्यावर भरोसा नाय काय, ज्याला त्याला आपलं व्हर्जन करायचं होतं, मुंबईच्या खड्ड्यांवर आरजे मलिष्कानं केलेलं तर महापालिकेपर्यंत गाजलं. मी मघाशी म्हटलं की दुसरे शब्द बसले की चाल टिकते, मग सोनू का नाही? मला वाटतं तिथं चाल अशी फार नव्हतीच, एक विचारायची पद्धत होती, आणि प्रत्येकानं आपापलं विचारून झाल्यावर परत जायला मूळ गाण्यात काही उरलं नाही. मामांच्या जुन्या वहीत दोन्ही होती. दोन्ही पानं अगदी स्वच्छ आहेत, एक सीझनच हाताळलेली.

आठवं पान मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १४ एप्रिलची मिरवणूक ही बँडवाल्यांची मोठी सुपारी असते आणि त्या पानावर कडूबाई खरात यांचं गाणं आहे, तुम्ही खाता त्या भाकरीवर बाबासाहेबांची सही असल्याचं सांगणारं. छत्रपती संभाजीनगरकडच्या या बाई, हातात एकतारी, मोबाईलवरच्या व्हिडिओतून लोकांपर्यंत पोचल्या. मागं ना हिरो ना स्टुडिओ. आता ते गाणं शेकडो जण म्हणतात, लहान लहान मुली म्हणतात. वामनदादा कर्डकांची गाणी ते गेल्याला वीस वर्षं होऊन गेली तरी गावोगाव चालू आहेत ती याच वाटेनं, जयंतीला, ६ डिसेंबरला, विहारात, घरात. आणि या गाण्यात म्हणणारीच्या घरातली भाकरी आहे, तिच्या स्वतःच्या अनुभवाची. त्या दशकातलं शंभर वर्षं कुठलं जगेल असं मला कुणी विचारलं तर मी याचंच नाव घेईन, आणि गाण्यांच्या याद्या करणाऱ्या बऱ्याच जणांच्या यादीत ते नसतंच याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नववं पान म्हणजे घेई छंद मकरंद. मी म्हटलं मामा, हे २०१५चं कसं धरलं तुम्ही, हे तर कट्यार काळजात घुसली या नाटकातलं आहे, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७चं, चाल जितेंद्र अभिषेकींची, वसंतराव देशपांडे गायचे. पिक्चरमध्ये त्यांच्या नातवानं, राहुल देशपांडेंनी म्हटलं. मामा उठले, आत जाऊन ट्रंकेतून आणखी एक वही घेऊन आले, त्यांच्या वडिलांची, शाईची, कडा कुरतडलेल्या. त्यात ते होतं. म्हणाले, मधली वीस-पंचवीस वर्षं कुणी मागितलं नाही म्हणून मी माझ्या वहीत घेतलंच नव्हतं, पिक्चर आला आणि पंगतीला बसलेली माणसं परत मागायला लागली, मग त्यांच्या वहीतनं उतरवून घेतलं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघितल्या. अंतऱ्यात एका ठिकाणी आजोबांनी एक जागा वेगळी लिहिली होती, मामांनी ती गाळलेली. मामांनी क्लॅरिनेट काढलं, ती जागा दोनदा वाजवून बघितली आणि मला म्हणाले, "त्यांचीच लिही."